हलगीखाली दडलेलं वाक्य

करंजनगर नावाचं एक चिमुकलं राज्य होतं, आणि त्या राज्यात तुळाजी नावाचा एक दवंडीवाला होता. राजाचा कोणताही हुकूम असो, तो लोकांच्या कानांवर घालायचं काम तुळाजीचं. चौकात उभं राहून त्यानं हलगीवर काडी मारली, की म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोरासोरांपर्यंत सगळं गाव गोळा व्हायचं. त्याचा आवाजच तसा होता. त्याच्या तोंडून शेतसाऱ्याची दवंडीसुद्धा लोक लग्नाच्या आमंत्रणासारखी ऐकत.

दवंडीवाल्याच्या घराण्याचा एक नेम होता. हुकुमात आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही आणि हुकुमातला शब्द गाळायचा नाही. हलगी हातात घेताना तुळाजीनं वाडवडलांची शपथ घेतली होती आणि ती आजवर पाळली होती. याचा त्याला अभिमान होता. थोडा जास्तच होता म्हणा ना.

एके वर्षी राजानं गावासाठी तलाव बांधायला घेतला. बायका कोसभरावरून पाणी आणत, ते त्याला बघवत नव्हतं. पण भिंत अर्धी उभी राहिली आणि खजिना आटला. तेव्हा दिवाण अनंतपंतांनी एक युक्ती काढली. लोकांवर कर बसवायचा नाही, त्यांच्यासाठी सोडत काढायची. तीन हंड्या मांडायच्या: एक रोज उघडायची, एक बाजाराच्या दिवशी, एक वर्षाच्या जत्रेला. एका पैशाला एक चिठ्ठी विकायची. चिठ्ठीचे दोन तुकडे, दोन्हींवर एकच खूण. एक तुकडा हंडीत पडेल, दुसरा घेणाऱ्यानं जपून ठेवायचा. हंडीतून ज्याची खूण निघेल, त्याचं बक्षीस.

राजाला युक्ती पटली. तो म्हणाला, "चालेल. पण लोकांना खेळ नीट समजावून सांगा. जे आहे ते सगळं हुकुमात येऊ द्या."

दिवाणांनी सगळं लिहिलं. रोजच्या हंडीला पितळेची कळशी. बाजारच्या हंडीला खिल्लारी बैलांची जोडी. जत्रेच्या हंडीला परातभर सोनं. चिठ्ठी भिजली किंवा फाटली तर बाद. आणि अगदी शेवटी एक वाक्य होतं: "रोजच्या हंडीत चिठ्ठ्या हजार, बाजारच्या हंडीत दहा हजार, जत्रेच्या हंडीत एक लाख, आणि प्रत्येक हंडीतून निघेल ती एकच."

मग त्यांनी तुळाजीला बाजूला घेतलं. "तुळाजी, हे शेवटचं वाक्य गाळायचं नाही बरं का. महाराजांची आज्ञा आहे. फक्त त्या वाक्याला हलगी जरा जोरात वाजव."

तुळाजीनं विचार केला. शब्द घालायचा नाही, गाळायचा नाही. हलगी कुठं वाजवायची, याबद्दल शपथेत काहीच नव्हतं. त्यानं मान डोलावली.

दिवाण काही वाईट मनाचे नव्हते. त्यांना तलाव हवा होता. तुळाजीही वाईट नव्हता. त्याला आपलं काम चोख करायचं होतं. दोन भल्या माणसांनी मिळून एक वाक्य हलगीखाली दडपलं, आणि दोघांनाही रात्री झोप शांत लागली.

दुसऱ्या दिवशी चौकात दवंडी झाली. "ऐका हो ऐका! परातभर सोनं!" असं तुळाजीनं म्हटलं आणि गर्दीतून आपोआप "अहाहा!" निघालं. बैलजोडीचं वर्णन करताना त्यानं बैलांची शिंगंसुद्धा हातानं दाखवली. आणि शेवटचं वाक्य आलं तेव्हा हलगी अशी कडाडली, की झाडावरचे पारवे उडाले. लोकांना वाटलं, दवंडीचा शेवट असाच झोकात व्हायचा असतो. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढं दर बाजाराला दवंडी अशीच होत राहिली.

मग काय विचारता! करंजनगरला दुसरा विषयच उरला नाही. कुणी स्वप्नात साप दिसला म्हणून चिठ्ठी घेई, कुणी उजव्या खांद्यावर पाल पडली म्हणून घेई. ज्याची चिठ्ठी निघत नसे तो म्हणे, "थोडक्यात हुकली," आणि पुन्हा घेई. थोडक्यात म्हणजे किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तुळाजीची जीभ शुभ आहे अशीही एक आवई उठली. लोक त्याला गूळ खायला घालून विचारायचे, "तुळाजी, ह्या खेपेला कंच्या हंडीत टाकू?" तुळाजी गूळ खायचा आणि नुसता हसायचा. भिंत हळूहळू वर चढत होती.

असं वर्ष गेलं. दुसरी जत्रा जवळ आली.

तुळाजीच्या शेजारी गोजराबाई राहायची. तिचा नवरा तुळाजीचा जिवाभावाचा मित्र. तो तापानं गेला, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेली सासू, दोन लहान मुली आणि एक म्हैस एवढा तिचा संसार. म्हशीच्या कपाळावर पांढरा टिळा होता म्हणून तिचं नाव चांदी. चांदीच्या दुधावर त्या घराची चूल पेटायची. दुसरं काही नव्हतंच.

एका सकाळी तुळाजी दूध आणायला गेला, तर गोजराबाई गोठ्यात चांदीच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिचा चेहरा उजळला होता.

"भावजी, ठरलं बघा. येत्या बाजाराला चांदी इकायची."

तुळाजीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "का ओ, वैनी? काय अडलंय?"

"अडतंय कशाला? सगळ्या पैशाच्या जत्रंच्या हंडीत चिठ्ठ्या घेणार. तुमच्या दोस्तानं जन्मभर लोकाच्या वावरात घाम गाळला. वढ्याकाठचं त्ये वावर घ्यायचं लई मनात हुतं त्याच्या. परातभर सोनं आलं, की पयलं त्ये घ्यायचं. पोरींच्या नावानं."

ती इतक्या विश्वासानं बोलत होती, की तुळाजीला राहवलं नाही. तो खालच्या आवाजात म्हणाला, "वैनी, नका इकू. त्या हंडीत लाख चिठ्ठ्या असत्यात. निघती एकच."

गोजराबाई हसली. "ह्ये आनि कुठनं काढलंत?"

"दवंडीत सांगितलंय की मी."

"कवा? मी पार म्होरं हुबी हुते, भावजी. कळशी आयकली, बैलं आयकली, सोनं आयकलं. लाखाचं तर कायबी न्हाई आयकलं."

"तवा हलगी वाजत हुती."

गोजराबाईचं हसू मावळलं. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "चौकात तुमी बेंबीच्या देठापासनं वरडता, आनि हितं गोठ्यात माझ्या कानात येगळंच सांगता. मी कंचं खरं धरू? का तुमास्नीच घ्यायच्यात त्या चिठ्ठ्या?"

तिनं दूध घातलं आणि पाठ फिरवली. तुळाजी घरी आला. राग त्याला गोजराबाईचा आला नाही, स्वतःचा आला. बाई बरोबर बोलली होती. साऱ्या गावासमोर गळा ताणून जे सांगितलं, ते गोठ्यात कुजबुजून पुसलं जात नाही. आणि आपण शब्द गाळला नाही, हा जो अभिमान त्यानं वर्षभर मिरवला होता, तो त्याला आता नकोसा झाला.

त्यानं ठरवलं. ठरवणं सोपं नव्हतं, हेही सांगायला हवं. दवंडीचं काम गेलं तर राजानं दिलेली जमीन जाणार होती, राहतं घर जाणार होतं.

बाजाराचा दिवस उजाडला. चौक फुलून गेला होता. एका कडेला गोजराबाई चांदीचा कासरा धरून उभी होती. तिच्यासमोर म्हशींचा व्यापारी चांदीचे दात तपासत होता. सौदा ठरायच्या बेतात होता.

तुळाजीनं हलगीवर काडी मारली. लोक वळले. त्यानं दवंडी सुरू केली, पण आज काहीतरी उलटंच चाललं होतं. कळशीचं नाव आलं, हलगी कडाडली. बैलजोडी आली, हलगी कडाडली. परातभर सोन्याच्या वेळी तर असा दणका उडाला, की सोनं कुणाला ऐकूच आलं नाही. "आरं, काय सांगतोयस?" लोक ओरडू लागले.

आणि मग तुळाजीनं काडी खाली घेतली. चौक गप्प झाला. त्या शांततेत त्यानं आपल्या सगळ्या आवाजानिशी शेवटचं वाक्य म्हटलं.

"रोजच्या हंडीत चिठ्ठ्या हजार! बाजारच्या हंडीत दहा हजार! जत्रेच्या हंडीत एक लाख! आणि प्रत्येक हंडीतून निघेल ती एकच!"

कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारा म्हणाला, "पुन्यांदा सांग रं, बाबा." तुळाजीनं पुन्हा सांगितलं.

गर्दीतून वाट काढत गोजराबाई पुढं आली. कासरा तिच्या हातातच होता, त्यामुळं चांदीही मागोमाग आली आणि दोन टोपल्या लवंडल्या. "भावजी, लाखात येक?"

"लाखात एक, वैनी."

"आनि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचं कायबी न्हाई."

गोजराबाई तिथंच उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर ओढ्याकाठचं वावर असावं. तिचे डोळे भरले. मग तिनं पदरानं डोळे पुसले, व्यापाऱ्याला मानेनंच नाही म्हटलं, आणि चांदीला घेऊन ती घराकडं वळली.

त्या दिवशी चिठ्ठ्या फारशा खपल्या नाहीत. संध्याकाळच्या आत तुळाजीला राजासमोर उभं केलं गेलं.

"महाराज, यानं दवंडी बिघडवली," दिवाण म्हणाले.

राजानं विचारलं, "तुळाजी, हुकुमात शब्द घातलास?"

"नाही, महाराज."

"गाळलास?"

"नाही, महाराज."

"मग केलंस काय?"

"जिथं हलगी वाजवत होतो तिथं आज थांबलो, आणि जिथं थांबत होतो तिथं वाजवली."

राजाला आधी उमगलं नाही. त्यानं जुनी दवंडी जशीच्या तशी म्हणून दाखवायला सांगितली. तुळाजीनं ती म्हटली. शेवटच्या वाक्याला हलगी कडाडली आणि राजाचा चेहरा पडला. तो हळू आवाजात म्हणाला, "हुकुमावर माझाच शिक्का आहे. ते वाक्य लिहा म्हणून मीच सांगितलं होतं. आणि वर्षभर वाड्याच्या सज्जात उभा राहून ही दवंडी मी कौतुकानं ऐकत होतो. मलाही ते कधी ऐकू आलं नाही."

दिवाण खाली बघून म्हणाले, "महाराज, तलाव लांबेल."

"लांबू द्या, पंत. हंड्या राहू देत. ज्याला सगळं ऐकून गंमत म्हणून पैसा टाकायचा, त्यानं टाकावा. पण ते शेवटचं वाक्य यापुढं आजच्यासारखंच सगळ्यांना ऐकू येईल."

राजानं आपल्या खांद्यावरचा जरीकाठी शेला काढून तुळाजीच्या खांद्यावर घातला. तुळाजीला शिक्षेची भीती होती, तिथं मान मिळाला. तो हरखून गेला. शेला सावरत, लोकांचे रामराम घेत तो घराकडं निघाला.

कोष्टी आळीत शिदराम कोष्टी ओट्यावर रिकामा बसला होता. त्याच्या हातचं लुगडं राणीसाहेब नेसत असत. गेल्या जत्रेला त्यानं माग विकून चिठ्ठ्या घेतल्या होत्या, आणि त्यानंतर तो लोकांची लाकडं फोडून पोट भरत होता. तुळाजी समोरून आला तसा तो उठला. त्यानं शेल्याचा काठ दोन बोटांत धरून बघितला.

"पोत झ्याक हाय," तो म्हणाला. मग काठ सोडून दिला. "आज सांगितलंस, त्ये ब्येस केलंस, तुळाजी. गेल्या जत्रंला सांगितलं असतंस, तर माझा माग ऱ्हायला असता."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर तुळाजीला सोपं गेलं असतं.

"चुकलो, शिदरामदादा," तो म्हणाला. मग तो तसाच माघारी फिरला आणि राजासमोर जाऊन त्यानं शेला खाली ठेवला. "महाराज, हा मला शोभत नाही. याच्या बदल्यात शिदरामचा विकलेला माग परत आणून द्या." राजा काही बोलायच्या आत दिवाण उठले आणि आपल्या बोटातली अंगठी काढून त्यांनी शेल्यावर ठेवली.

शिदरामच्या घरात पुन्हा मागाचा खटखटाट सुरू झाला. पण जिथं गेलेलं परत मिळण्यासारखं नव्हतं, अशीही घरं गावात होती. कुणाच्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, कुणाचा मुलगा रागानं घर सोडून गेला तो आला नव्हता. त्या घरांवरून जाताना तुळाजी हलगी काखेत धरायचा आणि मान खाली घालून पुढं व्हायचा.

तात्पर्य: ज्या आवाजात लाभ सांगितला, त्याच आवाजात धोकाही सांगावा, आणि वेळेवर सांगावा. दडपून सांगितलेलं खरं कुणाच्याच कामी येत नाही, आणि उशिरा सांगितलेलं सगळ्यांच्या कामी येत नाही.