दोन दुर्र्या आणि घाण्याचा बैल

एका गावात एक तेली होता. कामाला वाघ, पण पत्ते दिसले की संपलंच! देवळामागच्या चिंचेखाली दुपारी डाव बसायचा. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळायची, मग सगळ्यांसाठी मिळून मधे पाच पानं उघडायची, आधी तीन, मग एकेक. हातातली आणि मधली पानं मिळून ज्याची जोडी मोठी तो जिंकायचा; तीन सारखी पानं जोडीहून भारी. बोली तिळाच्या पायल्यांची.

एकदा तेल्याच्या हातात दोन दुर्र्या आल्या आणि मधे नेमकी तिसरी उघडली. पोतंभर तीळ जिंकला पठ्ठ्या! तेव्हापासून दुर्र्या म्हणजे त्याचा जीव की प्राण.

शेजारचा म्हातारा वाणी समजवायचा, "अरे बाबा, लहान जोडी वाईट नसते. पायली-दोन पायलीत तिसरी येते का बघावं. नाही आली तर पानं खाली ठेवावीत. त्यात कसली लाज?"

"काका, तुम्ही भित्रे," तेली हसायचा.

जत्रेच्या दिवशी पुन्हा दोन दुर्र्या आल्या. समोर गुरांचा व्यापारी. मधे तीन पानं उघडली: राजा, राणी, नश्शी. व्यापाऱ्यानं बोली एकदम दोन पोत्यांवर नेली.

"ऊठ आता," वाणी म्हणाला.

"अजून दोन पानं आहेत. येतेय माझी दुर्री!"

चौथं पान सत्ती निघालं. व्यापाऱ्यानं बोली आणखी वाढवली. तेल्याचा तीळ तर दोन पोत्यांतच संपला होता.

"मग बैल लाव," व्यापारी म्हणाला.

एकुलता एक बैल. त्याच्यावरच घाणा फिरायचा, चूल पेटायची. पण इतकं घातलंय, आता सोडू कसं, असं वाटून त्या करंट्यानं बैल लावला.

पाचवं पान पंजी. व्यापाऱ्यानं हातातला राजा मधल्या राजाशेजारी ठेवला. राजांच्या जोडीपुढे दुर्र्यांना कोण विचारतो?

बैल दारातून हलेना. व्यापाऱ्यानं कासरा ओढून नेला.

सकाळी गिऱ्हाईक तेलाला आलं. बायकोनं पदर खोचला आणि जू खांद्यावर घेतलं.

"अगं, तू कशाला? मी ओढतो."

"ओढालच. आता जन्मभर दोघांनी ओढायचंय," ती म्हणाली. "पण मला एक सांगा, तीन पानं उघडली तेव्हाच डाव जमत नाही हे कळलं होतं ना तुम्हाला?"

"कळलं होतं."

"मग उठला का नाहीत?"

 तेली मान खाली घालून तिच्या शेजारी जुवाला लागला. घाणा करकरत फिरू लागला.

तात्पर्य एवढंच: हातात लहान पान असेल तर थोडक्यात आजमावावं, जमत नाही दिसलं की उठावं. आपल्या हट्टाचं ओझं शेवटी घरच्यांच्या खांद्यावर पडतं.