हाक आणि हातातले काम

एकदा एक वृद्ध संगणकतज्ज्ञ आपल्या शिष्येबरोबर एका लहान गावातल्या रक्तपेढीत गेले. तिथला जुना संगणक अखेरच्या घटका मोजत होता. त्यातल्या नोंदी शिष्येने स्वतः रचलेल्या नव्या सर्व्हरवर आणायच्या होत्या. सर्व्हर चाले उत्तम; पण ‘बंद हो’ असा इशारा मिळाला, की कधीकधी मधेच गोठून बसे. ना धड चालू, ना धड बंद. कारण सापडत नव्हते. असे पेढीत ऐन गरजेच्या वेळी झाले, तर रक्ताची पिशवी समोर असूनही देता येणार नव्हती. या धास्तीने शिष्येला अन्न गोड लागत नव्हते.

“रुसलेल्या जावयासारखा बसतो गं हा तुझा सर्व्हर,” वृद्ध म्हणाले. “आधी नोंदी हलवू. मग त्याची समजूत काढू.”

नोंदींचा एक गट निम्मा हलला होता, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज शिष्येलाही ऐकू आला. “भाऊजी, हे गेले हो!”

वृद्धांचे थोरले बंधू गेले होते.

“ऐकलं, वहिनी. निघतो,” एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला आणि ते पुन्हा पडद्याकडे वळले. एकेक नोंद जुनीशी ताडून पाहू लागले.

“सर, उठा ना. मी गाडी बोलावलीय.”

“हं.”

“सर, तुम्हाला कळलं ना काय झालं ते?”

“कळलं.”

थोरल्या दादांनीच मला शिकवले, असे सर स्वतःच तर सांगत असत. शिष्येच्या मनात आले, हा माणूस आहे की दगड?

तो गट पुरा झाला आणि वृद्ध तत्काळ उठले. “राहिलेले गट तू कर.”

तिला राहवले नाही. “राग मानू नका, सर. पण सख्खा भाऊ गेला आणि तुम्ही नोंदी ताडत बसलात?”

“निम्मे दाते इकडे होते, निम्मे तिकडे. तसाच उठलो असतो, तर कुणाचं रक्त कुणाला चढलं असतं? हाक आली की ऐकल्याची खूण मनाशी करावी, आणि हातातलं जिथे सुखरूप ठेवता येईल तिथवर जाऊन थांबावं. सगळं संपेपर्यंत नव्हे, तिथवरच. तुझा सर्व्हर ‘बंद हो’ अशी हाक येताच काम अर्धवट टाकून आवराआवर करायला धावतो. वाटेत नोंदींवरचं कुलूप लागतं. ते त्याच अर्धवट कामासाठी त्यानंच घातलेलं! मग उघडायचं कुणी? काखेत कळसा आणि गावाला वळसा. बसतो स्वतःचीच वाट पाहत.”

शिष्येने हळू आवाजात विचारले, “आणि वीजच गेली तर? तेव्हा तर हाकही येत नाही.”

“मग उरतं फक्त सावरणं. तू सर्व्हरमधल्या सगळ्या कामांना एकच नियम लावलास. पिशवी दिल्याची नोंद अर्धी राहिली, तर ती पुसावी. शीतपेटीचं तापमान टिपलेलं असेल, तर ते जपावं. ती घटका पुन्हा यायची नाही. कसं सावरायचं हे ज्या त्या कामानं आपल्याबरोबर आणावं. मुख्य सर्व्हरनं त्याची पाळी आली की नुसतं ‘ऊठ बाबा’ म्हणावं.” ते दाराकडे वळले. “आता घरी वहिनी आकांत करत असतील. पुतण्या सामानासाठी धावत असेल, तोंडातून शब्द काढणार नाही. कुणाला सांगू मी, की असं नको, तसं कर?”

“आणि तुम्ही, सर?”

वृद्धांनी चष्मा काढला. “माझं आता,” ते म्हणाले, आणि दाराच्या चौकटीला हात टेकून लहान मुलासारखे रडू लागले.

बाहेर गाडी येऊन उभी राहिली. शिष्येने चालकाला खुणेनेच थांबायला सांगितले, आणि त्यांचे पुरते रडून होईपर्यंत ती शेजारी नुसती उभी राहिली.