बिबट्याला न उलगडलेली आई

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, माणसांची वस्ती झाली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. तिथे चंदी नावाचं एक खवले मांजर राहत असे. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. लांब, चिकट जिभेनं मुंग्या टिपत ती पिल्लाला शेपटीवर बसवून हिंडे.

एका संध्याकाळी बिबट्यानं तिची वाट अडवली.

"पिल्लू ठेव आणि चालती हो," तो गुरगुरला. "दात नसताना माझ्याशी लढणार कशानं?"

"लढणार नाही," चंदी म्हणाली, "पण पिल्लूही देणार नाही."

तिनं पिल्लाला पोटाशी घेतलं, अंगाचं वेटोळं केलं आणि वरून शेपटी घट्ट गुंडाळली. आता बिबट्यासमोर फक्त टणक खवल्यांचा गोळा उरला. त्यानं पंजे मारले, गोळा उतारावरून लोटून दिला. शेवटी तो सगळा जोर लावून चावला, तेव्हा त्याचाच सुळा मोडला.

"आई, बाहेर कोण कण्हतंय?" पिल्लानं आतून विचारलं.

"एक दमलेला पाहुणा आहे. निघालाच आता."

बिबट्या खरोखरच निघून गेला. चंदी सावकाश उलगडली आणि वारुळाकडे निघाली. वाटेत गव्यांचा कळप सारं पाहत उभा होता. त्यातला सर्वांत थोरला गवा बाजूला सरला आणि मान लववून म्हणाला, "आधी तुम्ही, बाई."