केंड फुगला नाही

माणसांनी या खाडीला अजून नावही दिलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. बगळ्यांत एक रीत होती. माशाचं नाव थोरल्या आबानं सांगायचं, पहिली चोच त्यानंच मारायची, मग बाकीच्यांनी खायचं.

एका ओहोटीला चिखलात मेलेला मासा सापडला.

"बोय आहे," आबा म्हणाला.

"बोयीला असे दात असतात?" धाकटी बगळी म्हणाली. "वर दोन, खाली दोन, पोपटाच्या चोचीसारखे. खवले नाहीत, पाठीवर ठिपके. आबा, हा केंड आहे. विषारी!"

"केंड फुगतो, गधडे! आम्ही काय उन्हानं पांढरे झालो?"

तेवढ्यात मेलेला मासाच बोलला, तोंड न हलवता. "फुगायला भीती वाटावी लागते. मला आता कसली भीती?"

सगळ्यांनी ऐकलं. पण आबाच्या आधी मागे सरायचं कुणी? आबानं चोच मारली. धाकटी सोडून सगळ्यांनी मारली.

भरती चढू लागली. पाय बुडाले, पोटं बुडाली. बगळे रांगेत तसेच उभे, डोळे टक्क उघडे, पंख हलेनात. धाकटी वर घिरट्या घालत ओरडत राहिली, "उडा! आबा, उडा ना!"

आता तिला गप्प बस म्हणायला एकाचीही चोच उघडत नव्हती.