साळिंदराचा एकच भोपळा

काळ्या खडकांच्या एका रानात, जिथे चैत्र लागला की दगडावर पाय ठरत नाही, एक साळिंदर राहत असे. त्याच्या बिळाच्या तोंडाशी लाल भोपळ्याची एक वेल होती आणि वेलीपासून हाकेच्या अंतरावर एक डोह होता. डोहात एक म्हातारे कासव राहायचे. त्या डोहाचा एक रिवाज होता. उन्हाळ्यात पाण्यावर येणाऱ्या प्रत्येकाने अर्धी तहान ठेवून उठायचे. ससा असो की रानडुक्कर, पोटभर कोणी प्यायचे नाही. ती मागे ठेवलेली अर्धी तहान डोहात शिल्लक राही आणि तिच्या जोरावर कासव पावसाळ्यापर्यंत दिवस काढी.

वेलीला दरवर्षी नऊ-दहा लहान भोपळे धरत. ते सगळ्यांना एकेक मिळत आणि विषय संपत असे. साळिंदराला मात्र ती उन्हाने करपलेली, खरबरीत फळे पाहून लाज वाटे. त्याला एक मोठा भोपळा हवा होता, असा की पाहणाऱ्याने दोन पावले मागे सरकावे. हौस वाईट नसते, मुलांनो, मलाही पुष्कळ हौशी आहेत. पण साळिंदराच्या हौसेला पाणी लागणार होते, आणि पाणी एकाच ठिकाणी होते.

त्या वर्षी वेलीने नऊ फळे धरली तेव्हा साळिंदराने त्यांतले सर्वांत गुबगुबीत निवडले आणि उरलेली आठ दातांनी कुरतडून टाकली. ससा आणि रानडुक्कर तक्रार घेऊन आले. साळिंदराने त्यांना सावलीत बसवून शांतपणे समजावले. नऊ फळांत वाटला जाणारा रस आता एकाला मिळेल. लहान फळाला ऊन सुकवते, पण मोठ्याची साल जाड असते, आतला ओलावा बाहेर पडत नाही. "तुमची अर्धी तहान डोहात ठेवून काय मिळते? निम्मी तर ऊनच पिऊन टाकते," ते म्हणाले. "ती या भोपळ्याला द्या. वैशाख संपता संपता आपण तो फोडू आणि सगळे पोटभर पिऊ."

पोटभर हा शब्द त्या रानात कोणी उन्हाळ्यात उच्चारत नसे. ससा आणि रानडुक्कर एकमेकांकडे पाहत राहिले आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

रोज पहाटे साळिंदर डोहात शेपटी बुडवी. त्याच्या शेपटीचे काटे पोकळ होते, ते पाण्याने भरत आणि साळिंदर ते वेलीच्या मुळाशी रिते करी. रिकामे काटे घेऊन परतताना शेपटी खुळखुळ वाजे. रानडुक्कर डोहात लोळून येई आणि वेलीवर अंग झाडी. ससा गालांतून पाणी आणी. दुपारी फळाची साल तडकू नये म्हणून तिघे आळीपाळीने उन्हाच्या बाजूला उभे राहून त्याच्यावर सावली धरत. साळिंदर खरे तर दिवसा बिळात झोपणारे, पण भोपळ्यापायी ते झोपेलाही मुकले. त्याचे डोळे लाल झाले आणि काटे मलूल पडले.

भोपळा मात्र वाढला. आधी घागरीएवढा झाला, मग रांजणाएवढा, आणि एक दिवस रानडुक्कर त्याच्या पलीकडे उभे राहिले तर दिसेना. तिघांना फार आनंद झाला. त्या आनंदात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. भोपळ्याभोवती आता कोणी ओरडत नव्हते. इतर झाडांवर भर दुपारीही किडे किरकिरत, पण वेलीच्या आसपास आले की ते गप्प होत. पाखरे तिच्यावरून उडत नसत, वळसा घालून जात.

एकदा सशाने सावली धरता धरता भोपळ्याला कान लावला. आत काहीतरी हळूहळू घोट घेत होते. एक घोट, मग थांबणे, मग आणखी एक. सशाने साळिंदराला बोलावले. साळिंदराची शेपटी खुळखुळली, तेव्हा आतूनही तसाच खुळखुळ आवाज आला. "पाणी साठते आहे," साळिंदर म्हणाले आणि त्याने प्रेमाने सालीवर नाक घासले. सशाला ते पटले नाही, पण पोटभर पिण्याच्या आशेने तो पुन्हा सावली धरून उभा राहिला.

त्याच आठवड्यात सशाला सावलीत उभ्या उभ्या डुलकी लागली. जागा झाला तेव्हा वेलीच्या हिरव्या ताण्याने त्याच्या मागच्या पायाला तीन वेढे घातले होते. ओढून सोडवताना पायाची लव निघाली. तो लंगडत डोहावर गेला तर डोहाच्या काठाशी कासव वाट पाहत बसलेले. डोहाचा काठ आता बराच खाली गेला होता.

कासवाने त्याला काठावरचा चिखल दाखवला. वेल तिथवर आली होती. कोणी वळवली नव्हती, कोणी आणली नव्हती. तिने दगडांना वळसे घालत, सावलीसावलीने उतार शोधला होता आणि पेराशी पांढरी मुळे सोडून ती चिखलात रुजली होती. डोहाचे पाणी आता न थांबता तिच्यातून वर जात होते.

कासवाने साळिंदराला आणि रानडुकराला बोलावून घेतले. ते कधी कोणाकडे काही मागत नसे, त्यामुळे त्याचा आवाज ऐकून तिघांनाही वाईट वाटले. "अजून वीतभर पाणी आहे," कासव म्हणाले. "आज वेल तोडा. मी चिखलात पुरून घेऊन उन्हाळा काढीन. उद्या तोडलीत तर मला उद्या नसेल."

रानडुकराने वेलीवर दात टेकवला. पण साळिंदर मध्ये आडवे झाले. "आता तोडली तर आजवर घातलेले सगळे पाणी वाया जाईल," ते म्हणाले. "आणखी चारच दिवस." ऊन रणरणत होते, तिघांचेही ओठ फुटले होते, आणि आजवरचे सगळे पाणी हे शब्द ऐकले की कोणालाही मोह पडतो. रानडुकराने दात मागे घेतला. मला त्याचा राग येतो, पण त्याच्या जागी असतो तर मी काय केले असते, हे मला ठाऊक नाही.

चारच्या ऐवजी दोनच दिवसांत डोह संपला. तिसऱ्या दिवशी सूर्य माथ्यावर आला आणि भोपळा देठापासून बुडापर्यंत आपोआप तडकला. तिघे धावत जवळ गेले. त्यांनी फटीला तोंडे लावली.

आत पाण्याचा थेंब नव्हता. रानडुक्कर उभे राहू शकेल एवढी पोकळी होती आणि तिच्यात सुकलेले धागे लोंबत होते. त्या धाग्यांवरच्या बियांना आतल्या आतच कोंब फुटले होते. शेकडो कोंब, कधी ऊन न पाहिलेले, पांढरेफटक. ते सगळे एका दिशेला वळलेले होते. ससा दूर सरकला तसे तेही हळूहळू त्याच्याकडे वळले. त्यांतला एक लांब कोंब पुढे आला आणि सशाच्या ओल्या नाकाला चिकटून राहिला.

सशाने नाक सोडवले आणि तो डोहाकडे पळाला. रानडुकराने आपल्या दातांनी वाळत चाललेला चिखल उकरला. कासव आत होते, डोळे मिटलेले, पण जिवंत. रानडुकराने त्याची क्षमा मागितली. कासवाने डोंगरापलीकडच्या नदीकडे मान वळवली. नदी दोन दिवसांच्या वाटेवर होती. ससा आणि रानडुक्कर त्याच्या दोन्ही बाजूंनी, त्याच्यावर सावली धरून, त्याच्याच चालीने निघाले.

खिंडीत पोहोचल्यावर त्यांनी साळिंदराला शेवटची हाक मारली. ते आले नाही. तडकलेल्या भोपळ्याच्या आत बसून ते एकेक कोंब दातांनी खुडत होते. त्याच्या पायांना, पाठीच्या काट्यांना वेलीचे वेढे पडले होते आणि त्याला ते जाणवतही नसावेत.

"एकच ठेवतो," ते स्वतःशी म्हणत होते. "या वेळी नीट वाढेल. एकच ठेवतो." आणि त्याच्या शेपटीचे रिकामे काटे खुळखुळत होते. ससा नदीपर्यंत पोहोचला, पोटभर प्यायला, तरी तो आवाज त्याच्या कानांतून गेला नाही.

तात्पर्य : ज्याला वाढवण्यासाठी सगळ्यांनी तहानलेले राहायचे, ते शेवटी कोणाची तहान भागवणार हे पहिला घोट देण्याआधी विचारावे, आणि तेव्हा विचारायचे राहून गेले असेल, तर डोहात वीतभर पाणी असतानाच थांबावे.