गिरजोबाच्या डोंगराची उलटी उतरण

पिसोळवाडीच्या डोंगराला एकशे बारा पायऱ्या आहेत आणि एकशे बाराव्या पायरीवर माणूस पोचला की पुढं काही नाही. समोर सरळसोट काळा कातळ, त्यावर फोडून टाकलेल्या पायऱ्यांचे नुसते वण. दम टाकत इथवर आलेले पाहुणे हिरमुसतात, ग्रामपंचायतीला नावं ठेवतात. ठेवा. पण खरी गंमत उतरताना. इथं कुणी सरळ उतरत नाही. तोंड शिखराकडं, पाठ गावाकडं, एकेक पायरी पायानं चाचपत मागं मागं यायचं. मोठ्या पोटाच्या माणसालाही सूट नाही. हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या, कारण पुढची हकिगत हसण्यासारखी नाही.

फार जुन्या काळी गावाला गिरजोजी देशमुख होता; आज ज्याला गिरजोबा म्हणतात तो हाच. असं सांगतात की तो झोपला की पाय चेपायला दोन माणसं असायची, आणि चेपणाऱ्यांना पंखा घालायला तिसरा. असा माणूस एका सकाळी न्याहारीच्या ताटावरून उठला, एका पंच्यानिशी डोंगरात गेला आणि परत आलाच नाही. का गेला? शिकलेली माणसं हटकून विचारतात. आमच्याकडं कारण नाही, डोंगर आहे.

गाव चार दिवस बोललं आणि विसरलं. विसरला नाही तो एकटा रायबा पाथरवट. देशमुखाघरचा पाटा, उखळ, न्हाणीतला दगड, सगळं त्यानंच घडवलेलं. त्याला स्वतःला जन्मात गादी ठाऊक नव्हती. घोंगडीवर पाठ टेकली की सकाळ. त्यामुळं ज्याच्याजवळ गादी आहे तो ती सोडून जातो, हे त्याच्या डोक्यात मावेना. छिन्नी मारता मारता थांबायचा आणि डोंगराकडं बघत बसायचा.

त्याची बायको ठकूबाई वैतागली. "अवं, त्यानं गादी सोडली, तुमी काम का सोडलंय? आन् सोडायला तुमच्याकडं हाय काय? म्या आन् ही शेळी!"

"शेळी ऱ्हाऊ दे," रायबा म्हणाला आणि उठला.

गिरजोजी त्याला एका कपारीत सापडला. तळपाय फाटलेले, ओठ सुकलेले, पण चेहरा असा निवांत, की रायबा तिथंच मटकन बसला. अशा पायांनी हा माणूस पाण्याला उतरतो, हे त्याला बघवेना. आता पाथरवटाला माया आली तर तो काय करणार? त्यानं पायऱ्या खोदल्या.

घोळ झाला तो इथं. पायऱ्या झाल्या तसं गाव वर आलं. कुणी दूध आणलं, कुणी उशी, एकानं तर म्हणे पिंजऱ्यातला पोपट आणला, करमणुकीला. गिरजोजी उठून वरच्या कपारीत गेला. रायबाला वाटलं, आपलंच काम अपुरं पडलं. त्यानं तिथवर पायऱ्या नेल्या. गाव मागोमाग. शेवटी गिरजोजी उंबराच्या लोंबत्या मुळीला धरून कातळ चढला आणि माथ्यावर जाऊन राहिला. तिथं एक पाण्याचं टाकं, करवंदीची जाळी, आणि पलीकडं तुटलेला कडा.

रायबानं आख्खं वर्ष त्या कातळाला दिलं. मुळी आड येत होती, ती तोडून टाकली. सत्तावीस पायऱ्या झाल्या. शेवटची घासून गुळगुळीत केली, का तर धन्याच्या पायाला टोचू नये.

दुसऱ्याच दिवशी गाव माथ्यावर येऊन गेलं. गावकरी उतरल्यावर रायबा एकटा मागं राहिला. गिरजोजी कड्याशी उभा होता.

"रायबा," तो म्हणाला, "आता कुठं जाऊ?"

रायबानं पलीकडं पाहिलं. पलीकडं नुसती हवा होती. इतकी वर्षं आपण काय खोदत आलो, ते त्याला तेव्हा कळलं.

"साजूक तुपातला शिरा आणला होता," गिरजोजी म्हणाला. "मी नको म्हणालो. उद्या पालखी घेऊन येणार आहेत. उद्या मला नको म्हणवणार नाही, रे. तोंडाला पाणी सुटलं होतं माझ्या. फोड ह्या पायऱ्या."

"धनी, ती मुळी बी म्या तोडली. पायऱ्या गेल्या तर मला वर येता येणार न्हाई."

"ठाऊक आहे."

"आन् तुमाला खाली."

"म्हणून तर फोड म्हणतोय."

रायबानं त्याचे पाय धरले. मग मीबी हितंच ऱ्हातो, म्हणाला. गिरजोजीनं मान हलवली. वर राहून एखादी पायरी फुटेल. बाकीच्या खाली उभं राहूनच फोडाव्या लागणार, आणि ते काम रायबाशिवाय कुणाला येतं?

गिरजोजी कातळाच्या कडेला येऊन बसला, पण खाली पाठ करून. रायबानं घण उचलला. खालच्या पायरीवर उभं राहायचं, वरची फोडायची, मग आणखी एक खाली. तोंड सारखं वर. दर पायरीला तो हाक मारी, "धनी, येकडाव हिकडं बघा!" पाठ हलत नव्हती. डोळ्यांना धारा लागलेल्या, तरी घाव नेमका बसायचा. आपल्याला काम इतकं चांगलं येतं, याचा त्याला त्या दिवशी पहिल्यांदा संताप आला.

सत्तावीस पायऱ्या फुटल्या. उरलेल्या एकशे बारा धड होत्या. सरळ उतरता आलं असतं. पण रायबा तसाच उलटा उतरत गेला, पायथ्यापर्यंत, ती पाठ ठिपक्याएवढी होईतो.

गावानं पालखी आणली आणि परत नेली. रायबाला शिव्या दिल्या, मग पाया पडले. त्यानं त्या कातळाला पुन्हा छिन्नी लावली नाही. गिरजोजी वर किती दिवस जगला, कुणाला माहीत नाही. बघायला वाट नव्हती.

शेवटी तरी त्यानं वळून पाहिलं का? ठकूबाईच्या माहेरचे सांगतात, पाहिलं, हातसुद्धा हलवला. पाथरवटांच्या घरात सांगतात, नाही. रायबा याबद्दल मरेपर्यंत बोलला नाही.

आजही पिसोळवाडीची माणसं हा डोंगर उलटाच उतरतात. वर काही दिसत नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण शिखराकडं पाठ करायची कुणाची छाती होत नाही. न जाणो, गिरजोबा नेमका तेवढ्यात वळायचा.