दुभाष्याचे कूळ

नदीकाठच्या एका गावी एकदा एक वृद्ध दुभाषी राहत असे. दर हिवाळ्यात पठारावरचे मेंढपाळ कळप घेऊन त्या गावच्या गायरानात उतरत. त्यांची भाषा गावाला कळत नसे आणि गावाची त्यांना. चाळीस वर्षे दोघांचे बोलणे या वृद्धाच्या मुखातून चालले होते. आता त्याला ऐकू कमी येई, म्हणून त्याने विश्राम नावाचा एक तरुण शिष्य तयार केला होता. मेंढपाळांची भाषा हा शिष्य इतकी सहज बोले, की गुरूलाही नवल वाटे. "कुठे शिकलास?" असे विचारले, की तो म्हणे, "बाजारात, ऐकून ऐकून." गुरूला ते पुरते पटत नसे.

त्या वर्षी मेंढपाळांचे एक मूल तापाने दगावले. त्यांनी ते गायरानातच पुरले. गावात खळबळ उडाली, कारण गावाच्या रीतीप्रमाणे जिथे ज्याचे मृत विसावतात, ती जमीन त्याची. "उद्या सगळं गायरान आमचं म्हणतील," असे म्हणत लोकांनी दोन मेंढपाळांना धरून चावडीत कोंडले. दुसऱ्या दिवशी दुपारी पन्नास-साठ मेंढपाळ कुऱ्हाडी घेऊन त्या लहानशा ढिगाऱ्याभोवती उभे राहिले. समोर पाटील आणि कुदळी-फावडी उचललेला गाव. मध्ये गुरू आणि शिष्य.

पाटील म्हणाले, "त्यांना सांग, दिवस मावळायच्या आत मूल उकरून न्या. नाहीतर आम्ही उकरू."

विश्रामने ते सांगितले. मुलाचा बाप पुढे आला. घोगऱ्या आवाजात दोनच वाक्ये बोलला.

"तो म्हणतो," विश्राम म्हणाला, "आम्ही आमचं लेकरू या मातीला दिलं आहे. आता ही जागा तशीच राहील."

"ऐकलंत? घेतलीच की जागा!" कोणीतरी ओरडले. फावडी पुढे सरकली. पलीकडे कुऱ्हाडी खांद्यावरून हातात आल्या.

वृद्धाला शब्द नीट ऐकू आले नव्हते, पण शिष्याचा चेहरा दिसत होता. तो पांढराफटक पडला होता. वृद्धाने एकाएकी त्याचे मनगट घट्ट धरले आणि दोन्ही भाषांत मोठ्याने म्हटले, "थांबा! या दुभाष्याने आपण कोण, हे अजून सांगितलेले नाही. ते सांगेपर्यंत त्याचा एकही शब्द खरा धरू नका."

पाटील चिडले. "बाबा, ही काय वेळ आहे?"

शिष्य त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "गुरुजी, मी कोणाचा, याने काय फरक पडतो? मी शब्द अचूक सांगितले."

"शब्द सांगितलेस. आणि जे गिळलेस ते?"

"ते सांगितलं तर विचारतील, तुला कसं ठाऊक?"

"विचारू देत."

शिष्याने एकदा फावड्यांकडे पाहिले, एकदा कुऱ्हाडींकडे. मग तो गावाच्या भाषेत म्हणाला, "माझं नाव बिरगोंडा. मी यांच्यातलाच आहे. आईबाप दुष्काळात गेले. गावात कोणी थारा देणार नाही, म्हणून नाव बदललं. आमच्यात जिथं लेकरू पुरतात, तिथं पुन्हा कळप नेत नाहीत. तिथलं गवतही कापत नाहीत. माझी बहीण पठारावर एका उतारावर पुरली आहे. सगळ्यांत चांगला चारा तिथंच होता, पण आम्ही वळसा घालून जायचो. हा बाप जागा मागत नाही, पाटील. ती सोडतोय."

मग वळून त्याने मेंढपाळांना हेच सांगितले, आणि गाव का भ्याला होता तेही.

"इतकी वर्षं तोंड लपवलंस!" एक म्हातारा मेंढपाळ थुंकला. इकडे एक गावकरी म्हणाला, "पाटील, हा त्यांचाच. खोटं बोलत असेल."

पाटील सावकाश म्हणाले, "खोटंच बोलायचं असतं, तर नाव लपवूनच बोलला असता."

मुलाचा बाप मात्र शिष्याकडे पाहत होता. त्याने विचारले, "बहिणीचं नाव काय?"

"लगमव्वा."

बापाने कुऱ्हाड जमिनीवर ठेवली. पाटलांनी चावडी उघडायला माणूस धाडला.

परतताना शिष्याचा राग उफाळून आला. "गुरुजी, आज माझा जीव गेला असता."

"गेला असता," वृद्ध म्हणाला. "माझाही. पण शब्द दोन्हीकडे सारखेच असले, तरी त्यांचा अर्थ ज्याच्या-त्याच्या घरी वाढतो. तो आणायला त्या घरात जन्मलेला माणूस लागतो. तू त्या माणसालाच मागे ठेवून आला होतास. आणि समोर कोण बोलतोय हे कळले नाही, की भ्यालेली माणसे चांगल्या शब्दातही डाव शोधतात."

पुढचे दोन दिवस गावातली काही दारे शिष्याला पाहून लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाटलांचा गडी आला. "पाटलांनी विचारलंय, त्या जागेला कुंपण घातलं तर तुमच्यात चालतं का?"

'तुमच्यात' म्हणजे कोणात, हे शिष्याला क्षणभर उमगलेच नाही. उमगले तेव्हा तो उठला, पायांत वहाणा सरकवल्या आणि म्हणाला, "चालतं. पण काट्यांचं नको. चल, मी येतो."